नोकरीत समाधान आहे का?

ऐका, आता पोरं मोठी झाली, कबूल करायला हरकत नाही. माझं ठरत आलेलं लग्न मोडायला बाहेरचं कुणी लागलं नव्हतं. मी एकटा पुरेसा होतो!

ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. जळगावात एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी प्रोग्रामर होतो. शाळांचे निकाल तयार करायचं काम. करणारे आम्ही दोघंच. मी आणि यावलचा समाधान. त्यात समाधानला झाली कावीळ! दोघांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात. तीन रविवार घर दिसलं नाही. घरमालकीणबाई तर खोली रिकामी समजून नवा भाडेकरू शोधायला लागल्या होत्या.

चौथ्या रविवारी दादाने, माझ्या थोरल्या भावाने, मला ओढून सावद्याला नेलं. मुलगी बघायला. घरची केळीची बागायत. मुलीचे वडील नाना, माणूस एकदम सरळ. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं,

"बाकी काही नाही, पाहुणे. नोकरीत समाधान आहे का, तेवढं मले सांगा."

आता बघा, माझ्या डोक्यात महिनाभर एकच माणूस! आणि यावल-सावदा काय लांब आहे? म्हटलं, असेल नानांच्या ओळखीचा.

"नाही हो," मी म्हणालो. "महिना झाला, समाधान नाही."

नाना दचकले. "काबरं?"

"काय करणार! पण समाधान नसल्यावर फार हाल होतात. रविवारीसुद्धा घरी जाता येत नाही."

"अरे बापा! मंग लगन झाल्यावर तरी येईन ना समाधान?"

समाधानचं लग्न सुरतेला ठरलं होतं आणि सासरा त्याला तिकडेच नोकरी लावणार होता. हेही यांना माहीत? मी ठासून सांगितलं, "लग्न झाल्यावर? नाव सोडा, नाना! लग्न झालं की समाधान काही टिकत नाही. आमचे साहेबही तेच म्हणतात."

दादाने माझा पाय दाबला. मला वाटलं, अजून सांग म्हणतोय.

"मी तर मनाची तयारी केलीय. इथून पुढे समाधानशिवायच दिवस काढायचे!"

नाना उठून उभेच राहिले. "मंग आमची पोर पहायले आले काबरं?"

"अहो, समाधानचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध? कावीळ त्याला झालीय, मला नाही!"

"कोणाले?"

"समाधान चौधरीला!"

आतल्या दारात फस्सकन हसू फुटलं. पोह्यांच्या बशा घेऊन मुलगी उभी होती, सुनंदा. "नाना, ते माणसाचं नाव आहे!"

मग काय! नाना हसून हसून खोकायला लागले. दादाने कपाळावर हात मारला. मला तर धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हसणं ओसरल्यावर सुनंदाने सरळ विचारलं, "त्यांचं राहू द्या. तुम्हाला आहे का समाधान?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मी खरं तेच सांगितलं. "निकालाचे कागद प्रिंटरमधून बिनचूक बाहेर येतात ना, तेव्हा वाटतं, यासारखं काम नाही. पण ते सांगायला घरी कुणी नसतं. आणि घरी तरी मी कुठे असतो?"

तिने पोह्यांची बशी माझ्या हातात दिली. "काम सोडू नका. रविवारी मात्र घरी राहायचं."

सोमवारी साहेबांपुढे उभा राहिलो आणि रविवारची सुट्टी मागितली. ते म्हणाले, "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?" घ्या! त्यांनी आणखी एक माणूस नेमला, मला रविवार मिळाला आणि सुनंदाही मिळाली.

लग्नानंतरचा पहिलाच रविवार. मी भलताच खूश! सुनंदा देवळात गेली तेवढ्यात म्हटलं, हिला मदत करू. स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले आणि प्रोग्रामरच्या शिस्तीत, नावाच्या अक्षरांप्रमाणे ओळीने लावून टाकले. मिरची, मग मीठ, मग मोहरी. साखर, तिच्या शेजारी तसल्याच डब्यात साबणाचा चुरा.

सुनंदाने येऊन चहा टाकला. एक घोट घेतला. फेसाळलेल्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली,

"अहो, तुमचं ऑफिस रविवारी उघडं असतं का हो?"