शेवटचा प्रश्न

आरोपींच्या हक्कांवर मी प्रबंध लिहिते आहे. गेलं वर्षभर जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून जुन्या फायली वाचते. खटला संपत आला की न्यायाधीश आरोपीला शेवटी विचारतात, “तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का?” कायद्यानं त्याच्यासाठी राखून ठेवलेली ही जागा. पण कुठलीही फाईल उघडा, त्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द असतो: नाही. तो वाचून वाचून, वहीतल्या रकान्यात उतरवून डोळे चुरचुरतात. एवढ्या माणसांना खरंच काही सांगायचं नव्हतं?

काल अगदीच कंटाळले, म्हणून वही घेऊन खाली सुनावणीच्या दालनात मागच्या बाकावर जाऊन टेकले. पिंजऱ्यात एक म्हातारा उभा होता. चोरीचा आरोप. तोच प्रश्न आला. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला. सोयरिकीचं बोलणं काढायला बसलेल्या माणसासारखा तो शब्द जुळवत होता. तेवढ्यात टायपिस्ट बाईंनी यंत्रातून जबाबाचा कागद ओढून काढला आणि शिपाई म्हणाला, “बाबा, इथं अंगठा लावा.”

म्हाताऱ्यानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि निमूट अंगठा पुढे केला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठून काही बोलावं म्हणून पुढे सरकले. मग मांडीवरच्या वहीकडे लक्ष गेलं. तो घसा खाकरत होता तेव्हाच, रोजच्या सवयीनं, मी त्याच्या रकान्यात लिहून टाकलं होतं: नाही.