तेरावा किलोमीटर

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला आम्ही शनिवारी दुपारी चार वाजता पोहोचलो. आम्ही म्हणजे दोघं. मी रिटायर्ड हवालदार संपत आणि माझा दोस्त नाईक दिलावर मुलाणी. दोघेही कुंडलचे. फौजेत एकाच सेक्शनमध्ये चौदा वर्षं काढलेली. पेन्शनवर आल्यावर मी ऊस बघू लागलो, त्याने तासगावला बेदाण्याच्या शेडवर नोकरी धरली.

पळायचं वेड त्याचं. मी ओढला गेलो. थंडी पडली की सातारा-सांगलीत जिथं हौशी शर्यत असेल तिथं नाव द्यायचं. सराव रोज पहाटे पाचला, कॅनॉलच्या रस्त्याने. आदल्या हिवाळ्यात तासगावच्या दहा किलोमीटरला तो त्याच्या वयोगटात दुसरा आला. मेडल घालूनच शेडवर गेला आणि संध्याकाळपर्यंत काढलं नाही. त्याच शर्यतीत मी पोटरीत गोळा येऊन रस्त्याकडेला बसलो होतो. फिनिश झाल्यावर तो दोन किलोमीटर उलटा चालत आला आणि मला घेऊन गेला.

खंडाळ्याची शर्यत एकवीस किलोमीटरची होती. जाताना डोंगराकडे चढ, येताना उतार. सकाळी साडेसहाला स्टार्ट. बोटं गारठली होती. मला दोन तासांच्या आत यायचं होतं. तोपर्यंत कधी जमलं नव्हतं.

वळसा घेऊन अकराव्या किलोमीटरला आलो तेव्हा घड्याळात एक तास एक मिनिट झालं होतं. दिलावर मागे पडू लागला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. छातीत जळजळतंय. रातचं वांगं बाधलंय."

"थांबूया."

"तू कशाला थांबतोस? टाइम हुकंल तुझा. हो पुढं. मी आलोच."

त्याच्या कपाळावर घाम होता. एवढ्या थंडीत सगळ्यांनाच घाम होता, म्हणून मी त्याचा वेगळा काही अर्थ लावला नाही. फौजेत फर्स्ट एडचा कोर्स केलेला माणूस मी. घड्याळ पाहिलं आणि पुढे झालो.

पुढचे चार किलोमीटर मी आयुष्यात पळालो नव्हतो असा पळालो. पाय हलके होते. मनात दिलावर नव्हता, हे खरं सांगतो.

सात चोपन्नला पंधराव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलापाशी आलो. तिथल्या स्वयंसेवकाच्या वॉकीटॉकीवर बोलणं चालू होतं.

"तेराव्या किलोमीटरला रनर डाऊन. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"अँब्युलन्स फिनिशला आहे. रस्ता रनरनी भरलाय. वेळ लागेल. ओव्हर."

मी म्हणालो, "नंबर विचारा."

त्याने विचारला. उत्तर आलं, चारशे बारा.

मी मागे फिरलो. आता चढ होता. समोरून येणारे लोक ओरडत होते, काका, उलटे चाललाय. दोन किलोमीटरला तेरा मिनिटं लागली.

दिलावर एका बाभळीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा. एक मुलगी त्याला पाणी पाजत होती. मी त्याला आडवा केला, बनियन फाडला. त्याने डोळे उघडले.

"संपा, टाइम गेला न्हवं तुझा?"

"गप पड. गाडी येतीया."

"लय दुखतंय रं."

आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचा श्वास थांबला. मी छाती दाबायला घेतली. तीस दाब, दोन श्वास. परत तीस. एक अनोळखी रनर शर्यत सोडून गुडघ्यांवर बसला. मी थकलो की तो, तो थकला की मी. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं. थांबलो नाही. दर मिनिटाला उताराकडे बघत होतो. रस्त्यावर फक्त माणसं पळत होती.

आठ तेहतीसला अँब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं.

रुखसाना वहिनींना फोन मीच केला. त्यांनी विचारलं, "तुमी संगं व्हता न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

दिलावरच्या चाळिसाव्याच्या दिवशी खरं सांगितलं. उंबऱ्यात उभा राहूनच सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच पाठवलं असंल तुमास्नी पुढं. पण तुमी थांबाया पायजे व्हतं, भाऊ." एवढं बोलून चहा ठेवायला आत गेल्या. मी तो चहा प्यालो.

त्यानंतर मी शर्यतीला नाव दिलेलं नाही.

आमच्या सेक्शनमधले दोघे सीमेवर गेले. त्यांची नावं पलटणीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. शर्यतीत पडलेल्या माणसासाठी तसा दगड नसतो. म्हणून इथं लिहून ठेवतो. नाईक दिलावर मुलाणी, राहणार कुंडल, वय सत्तेचाळीस. तेराव्या किलोमीटरला पडला. शेवटचे दोन किलोमीटर एकटा होता.