कांताले मत कोणं दिलं?

आमच्या गावची कांता पाच वर्षं सरपंच होती, पण तिले एकानंही मत दिलं नव्हतं. खोटं नाई सांगत बावा! मी शोभाबाई, मारुतीजवळच्या आळीतली. तिचा मोहल्ला विहाराकडचा, पण आमच्या वांग्याच्या वावरात ती तण निंदाले येते, म्हणून सारं माहीत.

त्या साली सरपंचपद राखीव जातीच्या बाईसाठी निघालं. गावचे पुढारी रूपरावजी, त्यायनं पारावर बैठक घेतली. गावात तंटा नको म्हणे, कांतालेच करू, दुसऱ्या कोणी अर्ज भरू नका. झालं! डफडं वाजलं, गुलाल उधळला. तिच्या नवऱ्यानं, प्रेमदासनं, साऱ्यायले चहा पाजला.

अन् मतदानाच्या तारखेले ही बाई सकाळीच पांढरी साडी नेसून शाळेत गेली. मत द्याले! बिनविरोध झालं की मतदान होतच नाई, हे तिले कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेले कुलूप. मी बोलवाले गेली तर म्हणे, "बाई, मंग मले निवडलं कोणं?"

तो सल काही गेला नाई. तिनं नळ आणले, रस्ता केला, तरी रूपरावजी चारचौघात म्हणत, "आम्ही बसवली म्हणून बसली." कांता हसून घे. वावरात मात्र मले म्हणे, "एकदा तरी कोणी मले आपल्या मनानं निवडावं वो." लय झुरे बिचारी.

यंदा पद खुलं झालं. पुन्हा बैठक, या टायमाले रूपरावजीच बिनविरोध. पण कांतानंही अर्ज भरला. अर्ज मागं घ्याच्या दिवशी रूपरावजी गाडी घेऊन तिच्या दारात.

"चाल कांता, सेलूले तहसीलात. काऊन हात दाखवून अवलक्षण करून राह्यली?"

"नाई भाऊ. पडली तर पडली."

पडलीच. मतमोजणीले मी संगं गेलती. आकडा ऐकला अन् ती तिथंच भिंतीले टेकून रडाले लागली. मले असा राग आला! "गुमान मागं घे म्हणत होती ना मी? आता रडतं काऊन?"

पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाई, आमच्या मोहल्ल्यातलं एकूण एक माणूस धरलं तरी एवढी मतं होत नाई. बाकीची कोणाची असतील वो?"

 त्यातलं एक माहं होतं.