लाकडांची उडवी

आमच्या घरात त्या वर्षी भांडण एकाच गोष्टीवरून चालू होतं. फाटी ठेवायची कशी? ढीग करून, का रचून?

हसू नका! जळणाची लाकडं ती, त्यात काय एवढं, असं वाटतंय ना? गॅस आमच्याकडेपण होता. पण आई तांदळाच्या भाकऱ्या विकायची, आणि उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगमधल्या लोकांना त्या चुलीवरच्याच हव्या असायच्या. कोकणातली माणसं सगळी. फ्लॅटमध्ये चूल कुठून आणणार? मग आमच्या मागच्या दारी यायची. चूल चांगली पेटली तर भाकरी पांढरीशुभ्र आणि टम्म. फाटी ओली असली तर धूर. आणि धूर आला की संपलंच.

आदल्या वर्षी तेच झालं होतं. गौरी येतात त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, त्यासाठी अख्ख्या बिल्डिंगची ऑर्डर आईकडे. पहिलीच मोठी ऑर्डर! आणि दुसऱ्या माळ्यावरच्या एका काकूंनी भाकरी नाकाजवळ नेली आणि परत केली. "अहो, धूर मारतोय हिला. देवीला कशी दाखवू?" बघता बघता बाकीच्यांनीपण परत केल्या. आई टोपली घेऊन घरी आली आणि काही बोललीच नाही. आमची आई बोलत नाही म्हणजे बघा! पुढचे दोन-तीन दिवस आम्ही त्याच भाकऱ्या खात होतो, शेवटी शेवटी तर कुस्करून ताकात.

चूक चुलीची नव्हती. चूक ताडपत्रीची होती.

जुन्या कौलारू घरात चुलीच्या वर माळा होता. फाटी माळ्यावर, खालून धूर, पावसाळाभर कडकडीत. मग बाबांनी स्लॅबचं घर बांधलं. माळा गेला, खाली टाइल्स आल्या. बाबांचा सगळा जीव त्या टाइल्समध्ये. त्यामुळे फाटी बाहेर अंगणात, ढीग करून, वरून निळी ताडपत्री. बाबांनी तो ढीग बाळंतिणीच्या पोरासारखा गच्च गुंडाळला आणि कडेने विटा दाबल्या. "आता एक थेंब आत गेला तर सांगा!"

गेलाच नाही. पण आमची जमीन खाडीकाठची, खारी. आमच्याकडे पाणी वरून येतं तेवढंच खालूनपण येतं. ताडपत्री उघडली तर आतल्या बाजूने थेंब लटकत होते आणि फाट्यांवर पांढरी बुरशी!

तर आता पुढच्या वर्षीचा उन्हाळा. माझी दहावी झालेली, हातात सुट्टीच सुट्टी. शेजारची चिकू-आंब्याची वाडी बिल्डिंगसाठी तुटली होती. वाईट वाटत होतं, पण लाकडं आमच्या दारात येऊन पडली. फोडून ढलप्या तयार. आणि बिल्डिंगमधल्या त्या काकूंनी आईला निरोप पाठवलेला, यंदा गौरीला एकदाच परत घेऊन बघू. एकदाच!

"ताडपत्री डबल करू," बाबा म्हणाले. "गेल्या साली सिंगल होती म्हनून पानी गेलं."

"बाबा, पाणी आत गेलंच नाही. आतलं बाहेर पडलं नाही!"

"दहावीचा निकाल लागायचाय आनि ही इंजिनियर झालीपन," काका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. राहायचे बाजूच्याच घरात, चूल वेगळी, फाटी वाटून घ्यायची, आणि मत सगळ्यांत.

"मग हॉलमध्ये ठेवू," आई मुद्दामच म्हणाली.

"टाइल्सवर?" बाबा उठूनच उभे राहिले. "वाळवी, विंचू, सगल्यांना घेऊन झोपायचं काय?"

आणि तेव्हा मला सुचलं. आईशप्पथ, समोरच दिसत होतं! काकांच्या पेंढ्याची उडवी. भात कापलं की आम्ही भारे असेच फेकून देतो का? गोल रचतो. खाली जमिनीला टेकू देत नाही, वरती निमुळतं करतो. वाऱ्याला बाजू मोकळ्या.

"आई, फाट्यांची उडवी घालू या ना!"

आईचे हात पिठात होते. तसेच थांबले. ती उडवीकडे बघत राहिली.

"घाल, घाल," काका लगेच. "मी बैल आनतो. दोघं मिलून लाकडांची मलनी करू!"

भाताच्या उडवीनंतर मळणीच असते ना! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने हात झटकले. "भावोजी, तुमची फाटी तुमच्या ताडपत्रीत ठेवा. आमची आमी बघतो."

झालं, वाटणी झाली! बाबा मधल्यामधे. पण गुपचूप माडाचे दोन ओंडके आणून दिले त्यांनी. माड जळायला बेकार, पण टेकूला एक नंबर. विटांवर ओंडके, ओंडक्यांवर आडव्या काठ्या, म्हणजे खालून वारा. जागा घराच्या पूर्वेला, कारण आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तो मार घराने खायचा.

मी गोलात ढलप्या लावत सुटले. हाताला कुसळं, केसात भुसा, पण थांबतंय कोण! कमरेएवढी झाली आणि धडाड्! सगळी बाहेरच्या बाजूला कोसळली.

भिंतीपलीकडून आवाज आला, "मलनी सुरू झाली काय गो?"

मी रडायच्या बेतात. आई आली, एक ढलपी उचलली, फिरवली. "जाडं तोंड आत लावलंस तू. मग बाहेरच पडनार ना! भाऱ्याचं बूड कुठे असतं?"

"बाहेर."

"मग?"

मग काय! जाडं तोंड बाहेर, बारीक आत. प्रत्येक थर आतल्या बाजूला रेलायला लागला, एकमेकांना धरून. संध्याकाळी ती माझ्यापेक्षा उंच झाली. वर साल आभाळाकडे करून ढलप्यांचं छप्पर, त्यावर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं, आणि अगदी टोकाला ताडपत्रीचा एवढासा तुकडा. डोक्याला टोपी, अंग उघडं! बाबा लांबून बघून गेले, परत आले, एक ढलपी ओढून बघितली. हलली नाही. "हं," म्हणाले. आमच्या बाबांचं हं म्हणजे खूप झालं.

तरी पावसाळाभर मी उडवीभोवती फेऱ्या मारायची. रोज हात लावून बघायची. बाहेरची फाटी भिजायची, वारा आला की सुकायची. आतलं काय, देवाला माहीत.

आणि गौरीचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता. आईने उडवीच्या एका बाजूने फाटी काढली, आतपर्यंत हात घातला, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या.

टण्!

ओली लाकडं थप्प वाजतात. ही टण् वाजली! आईने माझ्याकडे बघितलं, मी नाचलेच त्या पावसात. चूल एका काडीत पेटली. धूर नाही, नुसता जाळ. पहिली भाकरी फुगली, दुसरी फुगली. मी टोपलीत पांढरं फडकं घालतेय, आई थापतेय, आणि बाजूच्या घरातून धुराचे लोट आणि काकांचं खोकणं.

थोड्या वेळाने दारात काका. डोळे लाल, डोक्यावर पोतं.

"वहिनी... चार फाटी असली तर..."

आईने भाकरी उलटली. मान वर न करता विचारलं, "भावोजी, मलनी झाली काय?"

काका आधी खोकले, मग हसले, मग दोन्ही एकदम. आईने चार कुठली, कवेत मावतील तेवढी दिली.

टोपली घेऊन आम्ही दोघी गेलो. दुसरा माळा. काकूंनी भाकरी उचलली, नाकाजवळ नेली. परत एकदा नेली.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "गॅसवर केल्यात ना? धुराचा वासच नाही!"

आई हसली. मागच्या वर्षापासून राहिलेलं सगळं हसू एकदम आलं असणार. "चला माझ्याबरोबर. चूल अजून गरम हाय."

काकू आल्या नाहीत. त्यांनी भाकरी गौरीपुढे ठेवली, हात जोडले, आणि वळून म्हणाल्या, "गणपती जाईपर्यंत रोज द्याल?" जिन्यात बाकीच्या बायका टोपल्या, डबे घेऊन उभ्याच होत्या. परत येताना आमची टोपली रिकामी होती आणि आई रस्ताभर बोलत होती. थांबतच नव्हती!

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मागच्या दारी आवाज आला म्हणून डोकावले. काका त्यांची फाटी गोल रचत होते आणि कंपाउंडवर रेललेल्या शेजाऱ्याला समजावत होते, "जाडं तोंड बाहेर! भाऱ्याचं बूड कसं असतं, तसं. आमच्या घरची जुनी पद्धत हाय ही."

मी आत पळाले आईला सांगायला. बाबांची ती निळी ताडपत्री टाइल्सवर पसरून आई त्यावर पापड वाळत घालत होती.