आईने सोडलेला चहा

बाबांना फुप्फुसांचा आजार निघाला त्या दिवशी आईने चहा सोडला. ते बरे होईपर्यंत घोटभरही घ्यायचा नाही, असं देवापुढे बोलून मोकळी झाली. मला रागच आला. सकाळचा चहा उशिरा झाला तरी जी घर डोक्यावर घेते, तिने दुसरं काही सोडायचं होतं. बाबा मात्र तिच्यासमोर मुद्दाम फुर्र करून बशीतला चहा ओढायचे आणि हसता हसता खोकायचे.

आदिलाबादच्या दवाखान्यातले डॉक्टर तेलुगू नाहीतर इंग्रजी बोलणारे. मी बेला गावच्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून घरच्यांनी मला पुढे केलं. डॉक्टर म्हणाले, क्युअर होणार नाही, पण मॅनेज करता येईल, ट्रीटमेंट चालू ठेवू. वर्गात असे जवळजवळचे शब्द समजावणं सोपं असतं. मुलं माना डोलावतात आणि घंटा होते.

बाहेर बाकावर आई मांडीवर डबा घेऊन बसली होती. मी ट्रीटमेंटपासून सुरुवात केली, कारण त्या शब्दाला कोणी घाबरत नाही. औषध चालू राहील, म्हटलं. मग मॅनेज, म्हणजे आजार आटोक्यात ठेवायचा. क्युअर मी गिळूनच टाकला होता.

"बरे होतीन का नाई, तेवढं सांग," ती म्हणाली.

"नाई, आई. आजार जात नाई. त्याले सांभाळूनच राहा लागते."

ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मला रडू येत होतं आणि तिच्यापुढे रडायची चोरी होती.

"मंग देवाले बरं कर म्हणून कायले अडवू," ती शेवटी म्हणाली. "सांभाळ म्हणीन. अन् चहा त्यायच्या संगच पिईन, जेवढे दिस आहे तेवढे."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने दोन कप भरले. बाबा त्या दिवशी घरीच होते, खाटेवर बसले होते. एक कप त्यांना देऊन दुसरा तिने स्वतःच्या तोंडाला लावला, तसे ते बघतच राहिले. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळला नव्हता.

"चहा घेतला तू," ते म्हणाले. "म्हणजे बरा होऊन राह्यलो मी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर मी शब्दच निवडत होते, आता मी आईकडे पाहिलं.

"निवून राह्यला," आई म्हणाली. "प्या आदी."