वाचणाऱ्याची दिष्ट

ये गो, अशी जवळ सरक. कागदावरून का होईना, पण जवळ ये. हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. आणि आधी माझे दोन शब्द ऐकून घे. सणाला फोन करतेस, "काकी, बरी आसस मां?" विचारतेस, आणि आईला देते म्हटलं की तुला नेमकं काहीतरी काम आठवतं. कळतं गो आम्हाला.

तुला वाटतं, तुझ्या लग्नावरून आई रागावली होती आणि त्या पावसाळ्यात तिने मुद्दाम तुला एक अक्षर धाडलं नाही. तसं नव्हतं. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणून मी थांबले. ती सांगायची नाही.

तू तेव्हा मस्कतला नवी होतीस. तुझी आई सुकं म्हावरं घेऊन कट्टा गावच्या बाजाराला जायची, मी सोबत. बाजाराच्या टोकाला ते झेरॉक्सचं दुकान, तिथेच इंटरनेट. आम्ही बोलायचं, दुकानवाल्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आणि तुझा ई-मेल आला की त्यानेच वाचून दाखवायचा. तुला दिवस गेल्याचं त्यानेच वाचलं. तुझी आई टोपलीला धरून उभी राहिली. मग त्याच्यावर डोळे वटारून म्हणाली, "तीन म्हयने होयसर तोंडातसून शब्द काढशीत तर बघ!"

"मावशी, मी खंय वाचलंय? मशीनीन वाचल्यान," तो म्हणाला. तिघंही हसलो. आनंदाचं हसू होतं ते.

आणि त्याच आठवड्यात ती बातमी आली.

होड्या वर ओढलेल्या होत्या. तुझे बाबा आणि काका पडवीत जाळी शिवत बसायचे आणि दुपारच्या गाडीने आलेला पेपर दोघांत वाटून वाचायचे. पहिल्याच पानावर होतं, सरकार लोकांचे ई-मेल वाचतं, फोनही ऐकतं. तुझ्या बाबांनी मोठ्याने वाचलं.

"खालती बघ मरे, दादा," काका म्हणाले. "सूत्रांकडसून कळला म्हणता. ह्यां सूत्र म्हणजे कोण? त्याका नाव-गाव आसा काय?"

"नाव सांगल्यान तर नोकरी जायत त्याची! पेपरवालो काय झोपेत लिवता?"

दुसऱ्या दिवशी काकांनी मालवणातून दुसरा पेपर आणला. त्यात होतं, सगळ्यांचे नाही, फक्त ज्यांच्यावर संशय आहे त्यांचे, तेही वरून परवानगी घेऊन.

"संशय कोणाचो घेतत ता लिवलाहा?" बाबा म्हणाले. "नाय मां? मगे तो आपलोय घेतीत."

"आपल्या टोपलीतल्या बांगड्यांचो?"

चार दिवसांनी पहिल्याच पेपरात आत, कोपऱ्यात, छोटा खुलासा आला. असं काही होत नाही, म्हणे. तुझ्या बाबांनी सुई जाळ्यात खोचली. "बघ. नाकारतत म्हणजे आसाच."

"आणि कबूल केल्यानी तर काय म्हणतलंस?"

"म्हणतलंय, मी सांगी होतंय तसाच!"

मला दोघांचंही पटत होतं, खरं सांगते. एक म्हणे छापलंय ते तपासून घ्या, दुसरा म्हणे सरकार नाही म्हणतं ते तपासायचं कोणी. वाद मात्र रंगला होता, आणि वादात कोणाचं लक्ष तुझ्या आईकडे नव्हतं. ती उंबऱ्यात सुक्या मासळीतली सुंगटं निवडत होती. मधेच म्हणाली, "पण वाचता तो कोण?"

"बसलेलो आसतलो दिल्लीत कोणतरी," बाबा म्हणाले.

"त्याका पोरांबाळां आसत काय?"

दोघे भाऊ खो-खो हसले. मी नाही हसले. तिची भीती काय ती मला तेव्हाच कळली. तीन महिने भरायच्या आत गर्भारपणाची गोष्ट परक्याच्या कानावर पडली की दिष्ट लागते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. शेजारणीची दिष्ट काढता येते. मीठ-मोहऱ्या ओवाळता येतात. पण ज्याचं तोंड पाहिलं नाही, नाव ठाऊक नाही, त्याची कशी काढायची?

"वयनी, मगे त्या दुकानवाल्याक कसा चलता?" मी विचारलं.

"तो आपलो. त्याची आवस माझ्या म्हायेरची."

त्या दिवसापासून तिने कट्ट्याच्या त्या दुकानात जाणं बंद केलं आणि तुला फोन करणंही. तीन महिने भरेपर्यंत मीही लिहायचं नाही, अशी मला देवीची आण घातली. तुला दिवस गेल्याचं पुरुषांना तर सांगितलंच नव्हतं.

तीन महिने भरले तशी तिने देवळात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला लावलं. खरं कारण सांगायची सोय नव्हती, कोणीतरी कागद वाचतो एवढंच सांगितलं. गुरवाने बापड्याने जमेल तसं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जा काय मनात धरल्यान आसा, ता पूर्ण कर. आणि त्याची कागदां-पत्रां जो कोणी वाचीत आसात, त्याची दिष्ट बरी कर रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." त्या दिल्लीतल्या माणसासाठी, असेल तर आणि नसेल तरी, आम्ही हात जोडले होते गो.

देवळातून थेट कट्ट्याला गेलो. तुझे ई-मेल येऊन पडले होते. आई, लिहीत का नाहीस. आई, मला बरं नाही. आणि शेवटचा: पोटातलं गेलं, सगळं संपलं. आई, तू अजून रागावली आहेस, हे कळलं. दुकानवाला वाचता वाचता थांबला. तुझी आई म्हणाली, "बंद कर ता." स्टुलावर बसून राहिली. टोपलीतलं म्हावरं त्या दिवशी विकलं गेलं नाही.

"तुझ्या चेडवाक खरा सांग, वयनी," मी म्हटलं.

"काय सांगू? ताका वाटतला, आवस आपलो दोष सरकारावर घालता."

मग तिने एवढंच लिहवलं, 'तब्येतीला जप.' तुला ते कोरडं वाटलं असेल.

ती बातमी खरी होती की खोटी, मला आजही ठाऊक नाही. काका म्हणतात, खोटी. त्या पावसाळ्यानंतर तुझे बाबा त्यावर बोलतच नाहीत. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. तुझ्या आईला खरं-खोटं कळून आता करायचंय काय?

हे मी पोस्टाने धाडते आहे. वाटेत कोणी वाचलंच तर वाचू दे. तुझ्याकडून उत्तर मात्र नको, ई-मेलही नको. आईला वाचून दाखवायला मध्ये पुन्हा कोणीतरी लागेल. तूच ये. उंबऱ्यात तिच्या शेजारी बस, काही बोलली नाहीस तरी चालेल. आता दर्या शांत आहे, सुरमई येते आहे. लवकर ये गो.