तुळशीमागची खिडकी

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगते, आमच्या ह्यांच्यासमोर मात्र विषय काढू नका. देवाकडे काही मागायचं तर नीट, सविस्तर मागावं, एवढी साधी गोष्ट मला इतके उपास करून कळली नव्हती. ती मोबाइलनं शिकवली.

मुलानं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. पहाटे तुळशीपुढे दिवा लावला की मी एक फोटो काढायची, खाली 'शुभ सकाळ' लिहायची आणि स्टेटसला ठेवायची. बघणार कोण? माझी जाऊ, आणि चुकून बोट लागलं तर गॅसवाला.

श्रावणात सोमवार धरले तेव्हा महादेवाला म्हटलं, "देवा, सोनं नको, नाणं नको. माझे फोटो चार माणसांनी रोज आवडीनं बघावेत, एवढंच कर."

इथे आमचं घर सांगायला हवं. लातूरला क्लासेसच्या भागाला लागून आमची जागा. भूकंपानंतर सासऱ्यांनी शपथच घेतली होती, डोक्यावर स्लॅब नको. त्यामुळे आमच्याकडे मजला काही चढला नाही. अंगणाच्या पलीकडे ओळीनं पत्र्याच्या खोल्या, तिथे डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहतात. मधे माझी तुळस.

त्या वर्षी नव्या मुली आल्या, त्यांच्या आई-वडिलांनी माझा नंबर घेतला, मी त्यांचा घेतला. आणि काय सांगू, सोमवार संपायच्या आत महादेव पावला. मुखेडहून सानियाचे अब्बा, धर्माबादहून प्रज्ञाचे बाबा, नायगावहून कुणाची तरी आत्या, सगळे उजाडायच्या आत माझा फोटो बघायला लागले. एखाद्या दिवशी उशीर झाला की मुखेडहून फोन यायचा. "भाभी, आज फोटो न्हाई आला. सगळं ठीक हाय ना?"

सांगा, कुठल्या फोटोग्राफरला असे चाहते मिळतात?

हे म्हणाले, "लोक कामधंदा सोडून तुझी तुळस कशाला बघतील?"

"तुम्हाला कलेतलं काय कळतं?" मी म्हटलं. इतकं उलट मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन.

प्रज्ञाचे बाबा शाळेत मास्तर. त्यांनी एकदा फार नम्रपणे सुचवलं, "ताई, फोटो झकास. पण जरा डाव्या अंगाला फिरवून काढता का? आन् थोडं मागं सरकून." मास्तरांना नजर आहे, मला वाटलं. मी डावीकडं फिरले, मागे सरकले, एवढी सरकले की टाच नळाच्या हौदाला लागली. फोटोत तुळस करंगळीएवढी झाली. पण कौतुक वाढलं. "आता लई साफ दिसून राहिलंय, ताई."

मुलीही तशाच. रात्री माझ्याकडचं जेवण झाल्यावर ताट ठेवायला आली की सानिया विचारायची, "काकू, उद्या फोटो किती वाजता?"

"पाचला. का गं?"

"काही नाही, सहज."

मला भरून यायचं. एवढ्या अभ्यासात पोरीला कलेची ओढ.

संक्रांतीला मी ठरवलं, यंदा वाण म्हणून आपला फोटोच लुटायचा. अगदी जवळून काढलेला. नुसती तुळस, मंजिरीवर दव आणि दिवा. छोट्या फ्रेमा करून घेतल्या. नेमकी त्याच दिवशी सानियाची अम्मी लेकीला भेटायला मुखेडच्या एसटीनं आली. मी तिळगूळ दिला, फ्रेम दिली. तिनं पुढून पाहिली, मागून पाहिली.

"भाभी, ह्याच्यात खिडकी कुठाय?"

"कसली खिडकी?"

"सानियाची. रोज असते की मागं, लाइट लागलेली."

तिनं फोन काढला, माझा आदल्या दिवशीचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी ताणत गेली. तुळस कडेनं घसरली, दिवा गेला, आणि उरला एक पिवळा चौकोन. त्यात पुस्तकामागं सानियाचं डोकं.

"हिचे अब्बा हे बघितल्याबगर चहा घेत न्हाईत. पोरगी पाचला उठून पढून राहिली, म्हणतात."

प्रज्ञाची खोली डावीकडची, हे मला तेव्हा आठवलं.

"आणि तुळस?" मी हळूच विचारलं.

"तुळस बी छानच हाय की." मुलगी बघायला आलेले लोक पोह्यांचं कौतुक करतात ना, तो सूर.

अम्मी गेल्यावर सानिया माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काकू, घरी सांगू नका हं. फोटो झाला की आम्ही लाइट बंद करून परत झोपतो."

म्हणजे बघा, आईबापांना अभ्यास दिसत होता, मला चाहते दिसत होते, आणि खरा जळत होता तो एकटा दिवा. दुसऱ्या दिवसापासून फोटो काढला की मी चहा घेऊन खोल्यांची दारं वाजवायला लागले. कलेचं जाऊ द्या, पोरी तरी पास होऊ देत.

परीक्षा झाली, मुली गावी गेल्या. मग एका पहाटे तुळशीशेजारचा मोगरा असा फुलला की काय सांगू. मागच्या खिडक्या बंद, अंधार, आणि पुढे नुसती पांढरी फुलं. माझा आजवरचा सर्वांत चांगला फोटो. म्हटलं, आता कळेल खरे रसिक कोण.

दुपारपर्यंत एकट्या जाऊबाईंनी पाहिला. गॅसवाल्यानंही नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. प्रज्ञाच्या बाबांचा मेसेज. म्हटलं, मास्तरांना नजर आहेच.

"ताई, खोली रिकामी दिसतीय. धाकटीची दहावी झाली, जूनपासून तिला पाठवतो. पण तीच डावीकडची द्या. फोटोत चांगली येते."